अपग्रेडनंतर एक्स्टेन्शनची डेटाबेसशी जोडणी तुटते तेव्हा : तपासणी कोणत्या क्रमाने करावी

सोलापुरातील टॉवेलचे काही कारखाने, दोन रुग्णालये आणि एक पतसंस्था यांचे सर्व्हर मी सांभाळतो. यांपैकी बहुतेक ठिकाणी पूर्वी कोणीतरी सी भाषेत लिहून दिलेले एखादे पीएचपी एक्स्टेन्शन, म्हणजे वेबपाने चालवणाऱ्या पीएचपी या भाषेला जोडलेला जादा भाग, आहे. कुठे ते वजनकाट्यावरून गाठीचे वजन घेऊन डेटाबेसमध्ये टाकते, कुठे प्रयोगशाळेतील यंत्राचा अहवाल वाचून रुग्णाच्या नोंदीला जोडते. ऑपरेटिंग सिस्टिम, पीएचपी किंवा डेटाबेस यांपैकी एकाचीही आवृत्ती बदलली की हे एक्स्टेन्शन डेटाबेसपर्यंत पोहोचेनासे होते. अपग्रेड आम्ही शक्यतो जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीला जोडून करतो, त्यामुळे संक्रांतीनंतरचे आठ-दहा दिवस माझे याच एका दुखण्यात जातात. खालील क्रम त्या अनुभवातून ठरला आहे. उदाहरणे उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), पीएचपी, मायएसक्यूएल आणि काही ठिकाणी पोस्टग्रेस (दोन्ही डेटाबेस) यांची आहेत. आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्याव्यात.

लक्षणे

सर्वांत सरळ प्रकारात अपग्रेडनंतर सर्व्हर सुरू झाल्यापासून एकही नोंद होत नाही. पूर्वी ‘नोंद झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगणारे पान आता पूर्ण पांढरे दिसते. पांढऱ्या पानाला घाबरण्याचे कारण नाही. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय (पीएचपीचा मायएसक्यूएलशी जोडणारा भाग) जोडणी फसल्यावर नुसता इशारा देऊन पुढे जात नाही, थेट एक्सेप्शन (प्रोग्रॅम थांबवणारा एरर) उभे करते, आणि जुन्या पानांत ते झेलण्याची सोय नसते. म्हणजे दोष नवा असेलच असे नाही, तो दिसण्याची पद्धत मात्र नक्की बदललेली असते.

दुसऱ्या प्रकारात टर्मिनलवरून हाताने लॉगिन केले तर डेटाबेस उघडतो, परंतु वेबपानातून एक्स्टेन्शनने प्रयत्न केला की जोडणी नाकारली जाते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे: अपग्रेडनंतर सर्व काही आठ-पंधरा दिवस सुरळीत चालते, मग एका रात्री लाईट जाते, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सकाळी पहिल्या शिफ्टला जोडणी तुटलेली असते. चौथ्या प्रकारात दिवसभर काम होते, मात्र शिफ्ट बदलताना सर्व संगणक एकदम सुरू झाले की काहींना जोडणी मिळते आणि काहींना मिळत नाही.

पाचवे लक्षण वास्तविक डेटाबेसचे नसते. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत) ‘कॉल टू अनडिफाइंड फंक्शन’ असे दिसत असेल तर एक्स्टेन्शन लोडच झालेले नाही आणि डेटाबेसपर्यंत विषय गेलेलाच नाही. अशा वेळी खालील सहाव्या तपासणीकडे थेट जावे.

सुरुवातीला एक गोष्ट अवश्य करावी. त्याच डेटाबेसला जोडणारा दुसरा एखादा प्रोग्रॅम, उदाहरणार्थ पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस पाहण्याचे साधन) किंवा रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट, चालतो का ते पाहावे. तोही अडत असेल तर एक्स्टेन्शनला दोष देऊ नये. पहिल्या तीन तपासण्यांतच उत्तर सापडेल. फक्त एक्स्टेन्शनच अडत असेल तर पहिल्या दोन तपासण्या उरकून चौथीपासून पुढे बारकाईने पाहावे.

१. डेटाबेस चालू आहे का, आणि डिस्कवर जागा आहे का

ही तपासणी दोन मिनिटांची आणि फुकटची आहे, म्हणून ती पहिली. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएल’ आणि ‘डीएफ -एच’ या दोन आज्ञा पुरेशा आहेत. कितीतरी वेळा जोडणीची म्हणून सांगितलेली तक्रार डेटाबेस सुरूच न झाल्याची निघते.

मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर आल्यानंतर सर्व्हर सुरू न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये राहिलेली जुनी ओळ. क्वेरी कॅश (आधीच्या विचारणांची उत्तरे साठवण्याची सोय) ८.० मध्ये काढून टाकली आहे. ‘क्वेरी_कॅश_साइझ’ ही ओळ फाइलमध्ये तशीच राहिली तर सर्व्हर ‘अननोन व्हेरिएबल’ असे लॉगमध्ये लिहून बंद पडतो. एसक्यूएल मोडच्या यादीतील ‘नो_ऑटो_क्रिएट_यूजर’ या शब्दानेही हेच होते. ओळ खोडून न टाकता तिच्यापुढे शेरा-चिन्ह टाकून सर्व्हर पुन्हा सुरू करावा.

डिस्कचे कारण अधिक सावकाश उगवते. मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग (माहितीतील बदलांची नोंद) आपोआप चालू असतो आणि तो मुळात ३० दिवस साठवला जातो, ५.७ मध्ये तो मुद्दाम चालू करावा लागत असे. लहान डिस्क असलेल्या कारखान्यात अपग्रेडनंतर दोन-तीन आठवड्यांनी डिस्क भरते आणि तोपर्यंत अपग्रेड झाल्याचे सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते. लॉगच्या फाइली हाताने पुसू नयेत. डेटाबेसलाच ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ ही आज्ञा द्यावी आणि साठवणीचा काळ कमी करावा, कारण हाताने पुसल्यास फाइलींच्या सूचीत त्यांची नावे तशीच राहतात.

२. एररचा क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्यावा

फोनवर ‘कनेक्शन एरर येतोय’ एवढेच सांगितले जाते आणि त्यावरून काहीही कळत नाही. क्रमांक हाती आला की निम्मे काम झालेच, कारण जोडणी नेमकी कोणत्या टप्प्यावर अडली हे तो सांगतो.

मायएसक्यूएलच्या बाबतीत २००२ म्हणजे स्थानिक सॉकेटमार्गे (एकाच यंत्रावरील प्रोग्रॅमना जोडणाऱ्या खास फाइलीमार्गे) पोहोचता आले नाही आणि २००३ म्हणजे नेटवर्कमार्गे पोहोचता आले नाही. त्यांच्यासोबत कंसात आणखी एक लहान क्रमांक असतो आणि तो अधिक बोलका असतो. २ असेल तर सॉकेटची फाइल त्या जागी नाही, १३ असेल तर परवानगी नाही, १११ असेल तर त्या पोर्टवर (नेटवर्कवरील क्रमांकाच्या दारावर) ऐकणारे कोणीच नाही आणि ११० असेल तर वाट पाहून वेळ संपली, म्हणजे बहुधा मध्ये फायरवॉल आहे. या सर्व प्रकारांत पासवर्ड तपासत बसणे व्यर्थ आहे, कारण पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी गेलेलीच नसते.

१०४५ दिसला तर उलट स्थिती असते. दार उघडले, परंतु ओळख पटली नाही. या संदेशाच्या शेवटी ‘यूजिंग पासवर्ड : यस’ किंवा ‘नो’ असे लिहिलेले असते. ‘नो’ असेल तर पासवर्ड चुकीचा नसून तो एक्स्टेन्शनपर्यंत पोहोचलेलाच नाही. पासवर्ड पर्यावरणीय चलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) ठेवला असेल आणि अपग्रेडमध्ये पीएचपी-एफपीएमची (वेबपानांसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेची) पूल नावाची सेटिंगची फाइल नव्याने आली असेल तर असे हमखास घडते, कारण एफपीएम बाहेरची चले मुळात पुसूनच कामाला लागते आणि ती देणाऱ्या ओळी जुन्या फाइलीत राहून गेलेल्या असतात. ११३० म्हणजे या यंत्रावरून यायला परवानगी नाही. १०४० म्हणजे जागा भरल्या. २०५९, २०६१ आणि २०२६ यांचा विचार पुढे केला आहे.

३. पत्ता

मायएसक्यूएलच्या लायब्ररीत (एक्स्टेन्शन जोडणीसाठी वापरते त्या तयार कोडमध्ये) ‘लोकलहोस्ट’ आणि ‘१२७.०.०.१’ यांचा अर्थ एक नाही. लोकलहोस्ट लिहिले की ती युनिक्स सॉकेटच्या फाइलीमार्फत जाते, आकडे लिहिले की नेटवर्कमार्फत ३३०६ या पोर्टवर जाते. सॉकेटची जागा मात्र ठिकाणानुसार बदलते. उबुंटूवर ती ‘रन’ डिरेक्टरीखालील मायएसक्यूएलडीमध्ये असते, रेड हॅट परिवारातील लिनक्सवर ‘व्हार-लिब-मायएसक्यूएल’मध्ये असते आणि स्रोतापासून बांधलेल्या जुन्या सर्व्हरवर बऱ्याचदा ‘टेंप’मध्ये असते. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याने ही जागा कोडमध्येच पक्की करून ठेवली असेल तर अपग्रेडनंतर ते रिकाम्या घराची कडी वाजवत राहते. सॉकेट ‘टेंप’मध्ये असल्यास आणखी एक अडचण असते: सिस्टिमडीच्या (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या भागाच्या) ‘प्रायव्हेटटेंप’ या सेटिंगमुळे वेब सर्व्हरला स्वतःचा वेगळा टेंप मिळतो, त्यामुळे आपल्याला टर्मिनलवर दिसणारी फाइल त्याला दिसतच नाही.

पोस्टग्रेसचे दुखणे निराळे आहे. येथील एका रुग्णालयात ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यानंतर प्रयोगशाळेचे अहवाल रुग्णांच्या नोंदीत दिसेनात. जोडणी होत होती, पण जुने रुग्ण गायब होते. उबुंटूवर नवी आवृत्ती बसते तेव्हा जुना क्लस्टर (एका पोस्टग्रेस सर्व्हरखालील डेटाबेसांचा संच) अस्तित्वात असेल तर नव्याला ५४३२ ऐवजी ५४३३ हा पोर्ट दिला जातो. तेथे कोणीतरी ‘नवीन तेच बरोबर’ असे समजून एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये ५४३३ लिहिले होते आणि त्यासाठी त्याच नावाचा रिकामा डेटाबेसही तयार करून ठेवला होता. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही आज्ञा दिली की कोणता क्लस्टर कोणत्या पोर्टवर आहे ते एका ओळीत दिसते. ती देण्यापूर्वी पोर्टला हात लावू नये.

४. सेटिंगच्या फाइली : कोणती खरी वाचली जाते

अपग्रेड चालू असताना उबुंटू विचारते की, तुम्ही बदललेली फाइल ठेवायची की पॅकेजसोबत आलेली नवी घ्यायची. घाईत नवी घेतली जाते. जुनी फाइल नष्ट झालेली नसते. तिच्या नावाला ‘डीपीकेजी-ओल्ड’ असे शेपूट जोडून ती शेजारीच ठेवलेली असते. जुनी ठेवली असल्यास नवी ‘डीपीकेजी-डिस्ट’ या नावाने असते. रेड हॅट परिवारात ‘आरपीएमसेव्ह’ आणि ‘आरपीएमन्यू’ शोधावे. दोन्ही फाइली ‘डिफ’ने शेजारी शेजारी लावून पाहिल्या की ‘बाइंड-ॲड्रेस’ पुन्हा १२७.०.०.१ झाल्याचे, आणि त्यामुळे दुसऱ्या यंत्रावरील वजनकाट्याला दार बंद झाल्याचे, लगेच लक्षात येते.

पीएचपीच्या बाबतीत प्रत्येक आवृत्तीची सेटिंगची डिरेक्टरी वेगळी असते आणि तिच्या आत टर्मिनलसाठी, एफपीएमसाठी आणि अपाचीसाठी पुन्हा वेगवेगळ्या डिरेक्टऱ्या असतात. ७.२ च्या डिरेक्टरीतील एक्स्टेन्शनची ओळ ८.१ मध्ये आपोआप येत नाही. ‘पीएचपी -एम’ या आज्ञेने दिसणारी यादी केवळ टर्मिनलची असते. वेबची खरी यादी ‘पीएचपीइन्फो’चे पान ब्राउझरमध्ये उघडूनच पाहावी आणि पाहून झाल्यावर ते पान काढून टाकावे.

५. एक्स्टेन्शन ज्या वाटेने जाते त्याच वाटेने जाऊन पाहावे

या तपासणीवर मी सर्वांत अधिक भर देतो, कारण येथे मी स्वतः दोन महिने फसलो होतो.

अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल कारखान्यात गाठ बांधून झाली की ती काट्यावर ठेवतात, बारकोड वाचला जातो आणि एक्स्टेन्शन वजन डेटाबेसमध्ये लिहिते. तेथे जुन्या यंत्राऐवजी नवा सर्व्हर बसवला होता, मायएसक्यूएल ८.० होते, खाती नव्याने तयार केली होती आणि एक्स्टेन्शन नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधले होते. तीन आठवडे काहीही तक्रार नव्हती. मग एके दिवशी सकाळी सात वाजता दिवाणजींचा फोन आला. “साहेब, काट्यावर वजन दिसतंय, पण काँप्युटर घेईना. कुणी हात लावलेला नाही. रात्री लाईट गेली होती, तेवढंच.” मी घरून टर्मिनल उघडले, एक्स्टेन्शनच्याच खात्याने आणि त्याच पासवर्डने लॉगिन केले, ते झाले, आणि ‘इकडे तर चालू दिसते, पुन्हा एकदा बघा’ म्हणून सांगितले. त्यांनी पुढची गाठ ठेवली आणि वजन घेतले गेले. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी दिवाणजी म्हणाले, “तुमच्या हाताला गुण आहे.” मलाही यूपीएसची बॅटरी आणि सर्व्हर सुरू होण्याचा क्रम यांच्यावर संशय होता, बॅटरी बदलूनही झाली.

पाचव्या वेळी मी लॉगिन न करता आधी लॉग वाचला. त्यात २०६१ हा क्रमांक होता आणि ‘ऑथेंटिकेशन रिक्वायर्स सिक्युअर कनेक्शन’ असे लिहिले होते.

कारण असे. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० पासून नव्या खात्यांसाठी ‘कॅशिंग_शा२_पासवर्ड’ हे ओळख पटवणारे प्लगिन मूळ ठरले. या पद्धतीत पहिली पूर्ण ओळखपरेड सुरक्षित मार्गानेच व्हावी लागते, म्हणजे टीएलएस (जोडणीवरील मजकूर गुप्त करणारी पद्धत), युनिक्स सॉकेट किंवा सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने गुप्त केलेला पासवर्ड यांपैकी एक हवे. ती एकदा पार पडली की सर्व्हर त्या खात्याची खूण स्मृतीत ठेवतो आणि पुढच्या जोडण्यांना साध्या मार्गानेही आत घेतो. ही खूण केवळ स्मृतीत असते. सर्व्हर बंद पडला किंवा ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ दिले की ती पुसली जाते. डेटाबेस त्याच यंत्रावर असल्यामुळे एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याने टीएलएस मुद्दाम बंद केले होते आणि पत्ता १२७.०.०.१ दिला होता, त्यामुळे पहिली ओळखपरेड त्याला कधीच करता येत नव्हती. टर्मिनलवरील मायएसक्यूएल क्लायंट मात्र सॉकेटने किंवा टीएलएसने जातो. म्हणजे मी तपासायला म्हणून लॉगिन करत होतो तेव्हाच खूण तयार होत होती आणि एक्स्टेन्शनला आत जाण्याची वाट मोकळी होत होती. तपासणीनेच दोष झाकला जात होता.

म्हणून चाचणी घेताना तीन गोष्टी एक्स्टेन्शनच्याच असाव्यात: लिनक्सचा वापरकर्ता, पत्ता आणि टीएलएसची स्थिती. वापरकर्त्यासाठी ‘सूडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ वापरावे, पत्ता १२७.०.०.१ असाच द्यावा आणि एक्स्टेन्शन टीएलएसशिवाय जात असेल तर क्लायंटलाही ‘एसएसएल-मोड’ डिसेबल्ड द्यावा. दोष लाईट गेल्यानंतर उद्भवत असेल तर कारखाना बंद असताना डेटाबेस मुद्दाम पुन्हा सुरू करून, हाताने कोठेही लॉगिन न करता, थेट वेबपान उघडावे.

उपायांपैकी डेटाबेस त्याच यंत्रावर असेल तर सॉकेटमार्गे जाणे मला सर्वांत सोपे वाटते. त्या कारखान्यात आम्ही तेच केले आणि त्यानंतर तो सकाळचा फोन बंद झाला. डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर असेल तर एक्स्टेन्शनमध्ये टीएलएस चालू करावे. खाते पुन्हा जुन्या ‘मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड’वर नेणे हा उपाय पुष्कळ जण सुचवतात. तो चालतो, परंतु ८.४ मध्ये ते प्लगिन मुळातच बंद ठेवलेले असते आणि ९.० मधून ते काढून टाकले आहे, तेव्हा पुढच्याच अपग्रेडला हेच दुखणे अधिक वाईट रूपात परत येणार.

रेड हॅट परिवारातील सर्व्हरवर वापरकर्त्याची परवानगी बरोबर असूनही १३ हा क्रमांक येत असेल तर एसईलिनक्सकडे (लिनक्सच्या जादा सुरक्षा नियमांकडे) पाहावे. वेब सर्व्हरला नेटवर्कवरून डेटाबेसला जोडू देणारा ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी’ हा बुलियन (चालू-बंद सेटिंग) मुळात बंद असतो. तेवढा एक चालू करावा. संपूर्ण एसईलिनक्स बंद करण्याचा सल्ला ऐकू नये.

६. एक्स्टेन्शन कोणत्या लायब्ररीवर बांधलेले आहे

येथून पुढे काम वेळखाऊ होते आणि एक्स्टेन्शनचा मूळ स्रोत हाताशी लागतो.

प्रथम ‘एलडीडी’ ही आज्ञा एक्स्टेन्शनच्या फाइलीवर चालवावी. एखाद्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ आले तर ती लायब्ररी नव्या सिस्टिमवर नाही. मायएसक्यूएलच्या क्लायंट लायब्ररीच्या शेवटचा आकडा ५.७ मध्ये २० होता, ८.० मध्ये तो २१ झाला. जुन्या नावाने नव्या फाइलीकडे दुवा तयार करून वेळ मारून नेण्याची युक्ती अनेक ठिकाणी दिसते. ती कधीही करू नये. आकडा बदलतो तो आतील रचना बदलली म्हणूनच, आणि असा दुवा देऊन चालवलेले एक्स्टेन्शन जोडणी करते, पण मध्येच कोसळते किंवा चुकीचे मूल्य वाचते. गाठीचे वजन चुकीचे लिहिले गेले तर ते महिनाअखेरीपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही.

नंतर पीएचपीचा एपीआय क्रमांक पाहावा. पीएचपी ७.२ चा तो २०१७०७१८ आहे आणि ८.१ चा २०२१०९०२. दोन्ही जुळत नसतील तर ‘मॉड्यूल कंपाइल्ड विथ मॉड्यूल एपीआय’ असा स्पष्ट इशारा लॉगमध्ये येतो आणि एक्स्टेन्शन लोड होत नाही. उपाय एकच: नव्या आवृत्तीच्या ‘पीएचपीआयझे’ने (एक्स्टेन्शन बांधण्याच्या साधनाने) ते पुन्हा बांधावे. बांधताना ‘माय_बूल’ हा प्रकार सापडत नाही अशी तक्रार आल्यास तो मायएसक्यूएल ८.० च्या शीर्षफाइलींतून (हेडर फाइलींतून) काढला गेला आहे हे लक्षात घेऊन त्याजागी सी भाषेतील ‘बूल’ वापरावा. सात ते आठ या उडीत पीएचपीच्या स्वतःच्या अंतर्गत रचनाही बदलल्या आहेत, त्यामुळे दोन-चार शब्द बदलून भागले नाही तर हट्टाने पुढे जाऊ नये.

पोस्टग्रेसमध्ये याच जातीचा दोष ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ या शब्दांत दिसतो. आवृत्ती १४ पासून पासवर्ड मुळात स्क्रॅम या नव्या पद्धतीने साठवले जातात आणि १० पूर्वीच्या लिबपीक्यूला (पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीला) ती पद्धत कळत नाही. मायएसक्यूएलचा २०५९ हा क्रमांक त्याचाच भाऊ आहे. दोन्हींत सर्व्हरची भाषा नवी आणि लायब्ररीची जुनी असते.

७. टीएलएस आणि प्रमाणपत्रे

२०२६ हा क्रमांक दिसला तरच येथे यावे. मायएसक्यूएलने ८.०.२८ पासून टीएलएस १.० आणि १.१ काढून टाकले. जुन्या ओपनएसएसएलवर (टीएलएस पुरवणाऱ्या लायब्ररीवर) बांधलेले किंवा कोडमध्ये आवृत्ती पक्की केलेले एक्स्टेन्शन त्यामुळे अडते. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे आणि १.१ ची लायब्ररी पॅकेजमध्ये नाही. कोठूनतरी जुने पॅकेज उतरवून बसवण्याऐवजी एक्स्टेन्शन पुन्हा बांधावे. प्रमाणपत्राची मुदत आणि यंत्राचे घड्याळ दोन्ही पाहावीत. बराच काळ बंद राहिलेल्या यंत्राची लहान बॅटरी संपलेली असते, घड्याळ मागे जाते आणि चांगले प्रमाणपत्रही ‘अजून लागू झालेले नाही’ ठरते.

८. जागा अपुऱ्या पडणे

शिफ्ट बदलताना १०४० येत असेल तर मायएसक्यूएलमध्ये एका वेळी मुळात १५१ जोडण्यांची मर्यादा असते हे ध्यानात घ्यावे; पोस्टग्रेसमध्ये ती १०० असते. अपग्रेडमध्ये वाढवलेली मर्यादा परत मूळ आकड्यावर आली का, हे आधी पाहावे. आकडा वाढवण्यापूर्वी ‘शो प्रोसेसलिस्ट’मध्ये झोपलेल्या जोडण्या किती आहेत ते मोजावे. त्या ढिगाने असतील तर एक्स्टेन्शन जोडणी बंद करत नाही, आणि मर्यादा वाढवून फक्त कोसळण्याची वेळ पुढे ढकलली जाते.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

काही खुणा दिसल्या की कीबोर्डवरून हात काढावा. डेटाबेसच्या लॉगमध्ये ‘करप्शन’ हा शब्द किंवा इनोडीबीचे (मायएसक्यूएलच्या माहिती साठवणाऱ्या भागाचे) पान वाचता न आल्याचा उल्लेख असेल तर हा जोडणीचा प्रश्न नाही. ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’चा आकडा वाढवत नेण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो, ४ किंवा त्यापुढचा आकडा दिल्यास माहितीच्या फाइली कायमच्या बिघडू शकतात. अशा वेळी सर्व्हर बंद करावा, डेटाच्या डिरेक्टरीची जशीच्या तशी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि डेटाबेसची दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला बोलवावे.

पोस्टग्रेस ‘डेटाबेस फाइल्स आर इनकंपॅटिबल विथ सर्व्हर’ म्हणत असेल तर माहिती शाबूत असते; नवी आवृत्ती जुन्या डिरेक्टरीवर उभी केली गेली आहे एवढाच त्याचा अर्थ. या क्षणी डिरेक्टरी रिकामी करून नवा क्लस्टर बनवणाऱ्यांचेच नुकसान होते. आवृत्ती नेण्याचे काम पूर्वी केलेले नसेल तर ते रुग्णालयाच्या चालू सर्व्हरवर शिकू नये.

मायएसक्यूएल ८.० वरून ५.७ वर त्याच डिरेक्टरीसह परत जाता येत नाही. अपग्रेडपूर्वीची पूर्ण बॅकअप हाताशी नसेल तर परतीचा विचार सोडून द्यावा. एक्स्टेन्शनचा मूळ स्रोत नसेल, लिहिणाऱ्याचा पत्ता लागत नसेल आणि सहाव्या तपासणीत ते पुन्हा बांधावे लागेल असे दिसले तर सी भाषा जाणणारा प्रोग्रॅमर गाठावा. बहुतेक वेळा तो ते दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहील आणि ते योग्यच असते. पीएचपी प्रक्रिया ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ने कोसळत असेल तर एक्स्टेन्शन तात्काळ बंद करून नोंदी तात्पुरत्या वहीत घ्याव्यात. पतसंस्थेच्या किंवा रुग्णालयाच्या सर्व्हरवर पाचव्या तपासणीपर्यंत उत्तर मिळाले नाही तर मी स्वतःही पुढे जात नाही. तेथे चुकीची नोंद बंद सर्व्हरपेक्षा महाग पडते.

जाणकाराला बोलवताना त्याच्या हाती चार गोष्टी द्याव्यात: एररचा संदेश शब्दशः आणि वेळेसह, अपग्रेडपूर्वीच्या आणि नंतरच्या आवृत्त्या, ‘एलडीडी’चे उत्तर, आणि आपण स्वतः काय काय बदलले याची खरी यादी. त्या यादीत हाताने केलेले प्रत्येक लॉगिनही वेळेसह लिहावे.